आपल्यात कसली पावती?

सोमवारी सकाळी पावणेदहाला मॅनेजरांचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात घरी होतो. लॅपटॉप मांडीवर, पुण्यातल्या कंपनीची मीटिंग चालू, कॅमेरा आणि माइक दोन्ही बंद.

"सर, सगळ्या फायलींची नावं बदलल्यात. एक पण उघडंना. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी हाय."

"चिठ्ठी वाचा."

त्यांनी अडखळत दोन ओळी वाचल्या. तिसऱ्या ओळीला मी मीटिंग सोडली.

ही २०२३च्या सप्टेंबरातली गोष्ट. पतसंस्था सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातली. नाव सांगत नाही, कारण ती अजून चालू आहे आणि चांगली चालू आहे. चार हजारांच्या आसपास सभासद, दोन शाखा, नऊ कर्मचारी, सात पिग्मी एजंट. इंजिनिअरिंग संपल्यावर आम्ही तिघा मित्रांनी नोकरी सांभाळून अशा छोट्या संस्थांची सॉफ्टवेअरची कामं घेतली होती, त्यातली ही एक. बॅकअपचं सगळं काम माझ्याकडे होतं. हे वाक्य पुढे लागणार आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवतो.

रॅन्समवेअर म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत असतं, तरी एका वाक्यात सांगतो. कुणीतरी तुमच्या घरात शिरतो, काही उचलून नेत नाही, फक्त प्रत्येक कपाटाला आपलं कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. हल्ली तो जाताना कागदांच्या प्रतीही नेतो आणि त्या गावभर वाटायची धमकी देतो, पण आमच्याकडे आलेला जुन्या वळणाचा होता. फक्त कुलूप.

संस्थेनं क्लाउडवर बॅकअप घ्यायला सुरुवात केली ती पुरामुळे. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मी तेव्हा सांगलीतच शिकत होतो. पाणी ओसरल्यावर दुकानदार वह्या, बिलं, फायली रस्त्यावर वाळत घालत होते, पापड घालतात तसे. संस्थेच्या नदीकाठच्या शाखेतली खतावणी आणि जुना कॉम्प्युटर दोन्ही चिखलात गेले. त्यानंतर चेअरमन म्हणाले होते की आता हिशेब असा कुठंतरी ठेवा जिथं कृष्णामाई पोचणार नाही. मी ठेवला. रोज रात्री साडेअकराला सर्व्हरवरून सगळा डेटा मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये जायचा. कृष्णा तिथं पोचणार नव्हती, हे खरंच होतं.

माझी चूक याच विचारात होती. पूर आंधळा असतो. तो तुमचं घर बुडवतो, पण तुम्ही साताऱ्याला मावशीकडे ठेवलेली पेटी शोधत घाट चढत नाही. आग, वीज, उंदीर, खराब झालेली हार्डडिस्क, सगळ्यांचं असंच. आपली बॅकअपची सगळी जुनी अक्कल या आंधळ्या संकटांवर बेतलेली आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक लांब. रॅन्समवेअरवाला मात्र डोळस असतो. त्याला माहीत असतं की पेटी असणारच, आणि पेटी सापडल्याशिवाय कुलपाला किंमत नाही. म्हणून तो आधी पेटी शोधतो.

आमच्याकडे तो अकरा दिवस होता. मॅनेजरांना घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप उघडा ठेवला होता, पासवर्ड संस्थेचं नाव आणि स्थापनेचं साल. त्यातून तो आत आला. मग त्यानं माझी स्क्रिप्ट वाचली. बॅकअप वर पाठवायला क्लाउडची एक किल्ली लागते, ती मी स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवली होती. त्या किल्लीला फक्त फायली टाकण्याचा अधिकार दिला असता तरी भागलं असतं. मी सगळे अधिकार दिले होते, पुसण्याचासुद्धा, कारण जुने बॅकअप काढून टाकायला वेगळी किल्ली करायचा कंटाळा. शनिवारी रात्री त्यानं आमच्याच सर्व्हरवरून, माझ्याच किल्लीनं क्लाउडवरचं सगळं पुसलं आणि मग सावकाश कुलपं लावली. क्लाउडच्या दृष्टीनं यात काही वावगं नव्हतं. मालकानं आपला माल टाकून दिला, इतकंच.

यातली शरमेची गोष्ट म्हणजे हे असं होऊ शकतं हे मला माहीत होतं. कोड स्पेसेस नावाची एक कंपनी होती, लोकांचा सोर्स कोड सांभाळायची. २०१४च्या जूनमध्ये कुणीतरी त्यांच्या ॲमेझॉन खात्याच्या कंट्रोल पॅनलमध्ये शिरलं, पैसे मागितले, आणि कंपनी त्याला बाहेर काढायला धडपडतेय म्हटल्यावर एकेक गोष्ट पुसत गेलं. बारा तासांत डेटा आणि बॅकअप यांतलं जवळपास सगळं गेलं आणि कंपनी बंद पडली. तिसऱ्या वर्षाला सेमिनारमध्ये मी हीच केस सांगितली होती. टाळ्याही मिळाल्या होत्या.

साताऱ्याहून एसटीनं कराड, पेठनाका करत दुपारी पोचलो. बाहेर पाटी लागलेली: "संगणक दुरुस्तीच्या कारणास्तव आज व्यवहार बंद." मी लॉग बघितला, वीस मिनिटांत सगळं समजलं. आत चेअरमन, मॅनेजर आणि चार संचालक बसले होते.

"क्लाउडवरचं?" चेअरमननी विचारलं.

"तेपण हॅकरनं उडवलं," मी म्हणालो.

या वाक्यात खोटं काहीच नाही. दोन दिवस मी हे वाक्य वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं, आणि प्रत्येक वेळी ते खरंच होतं.

संध्याकाळच्या बैठकीत प्रश्न होता पैसे द्यायचे का. मागणी बिटकॉइनमध्ये, आपल्या हिशेबात साडेनऊ लाखांच्या घरात. एक संचालक, साखर कारखान्यातून रिटायर झालेले, म्हणाले की देऊन टाका, गणपती तोंडावर आलेत, लोकांना पैसे लागणार. दुसरे म्हणाले, चोराला पैसे दिले तर तो उद्या शेजारच्या गावात जाणार, आपल्याच पैशानं. पहिले म्हणाले, शेजारच्या गावचं शेजारचं गाव बघेल, माझ्याकडं दवाखान्याचं बिल घेऊन माणूस उभा राहिला तर मी त्याला तत्त्व सांगू का?

मला अजूनही या वादाचं उत्तर येत नाही. पुस्तकी उत्तर येतं: देऊ नका, दिल्यानं धंदा वाढतो, आणि देऊनही किल्ली मिळेलच असं नाही. पण हे उत्तर देणारा माणूस बहुधा असा असतो ज्याची दुसरी प्रत शाबूत असते. २०२१च्या मार्चमध्ये एमआयडीसीवर असाच हल्ला झाला होता. मुंबईचं मुख्य कार्यालय आणि राज्यातली १६ प्रादेशिक कार्यालयं, सगळ्यांचे कॉम्प्युटर ठप्प. कुपवाडपासून साताऱ्यापर्यंतच्या उद्योजकांची कामं ज्या सिस्टिमवर चालतात ती बंद पडली. बातम्यांत ५०० कोटींच्या मागणीचा आकडा फिरत होता. महामंडळाचं म्हणणं होतं की चिठ्ठीत रक्कम लिहिलेलीच नाही. पण त्यांच्या निवेदनातलं एक वाक्य मी तेव्हा वाचलं आणि त्या सोमवारी पुन्हा शोधून वाचलं. बॅकअपच्या फायली क्लाउड डेटा सेंटरमध्ये वेगळ्या नेटवर्क विभागात होत्या, त्यांना लागण झालेली नव्हती. त्या एका वाक्यामुळे त्यांना ताठ उभं राहता आलं. आम्हाला तत्त्वानं वागायचीसुद्धा ऐपत नव्हती, आणि ती ऐपत मी घालवली होती. मला मत विचारलं असतं तर मी पैसे द्या म्हणालो असतो. सुदैवानं कुणी विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी मॅनेजरांना आठवलं की वार्षिक तपासणीसाठी ऑडिटरांनी एप्रिलच्या सुरुवातीला सगळा डेटा पेनड्राइव्हवर नेला होता. फोन केला. ऑडिटरांच्या इस्लामपूरच्या ऑफिसात, एका ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांच्या डबीशेजारी तो पेनड्राइव्ह निघाला. ३१ मार्चपर्यंतचा सगळा हिशेब जसाच्या तसा.

अशी नशिबाची प्रत ही आमचीच मिजास नाही. २०१७च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात मर्स्क ही जहाज कंपनी अशीच आडवी झाली होती. आपल्या न्हावाशेव्यातलं त्यांचं टर्मिनलही बंद पडलं होतं. कुणाला कशाचा अधिकार आहे याची नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर त्यांच्याकडे जगभर होते, आणि एकाचं गेलं तर दुसऱ्याकडून भरून घ्यायचं अशी व्यवस्था होती. सगळे एकमेकांशी जोडलेले, त्यामुळे सगळे एकदमच गेले. वाचला तो घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला ही गोष्ट ऐकून जे वाटतं ते शब्दांत सांगता येणार नाही. पण ऑडिटरांचा ड्रॉवर काय आणि घानातली लाइट काय, यातलं काहीच कुणी योजलेलं नव्हतं. दोन्हीकडे प्रत वाचली ती मुख्य माणसाच्या हाताबाहेर होती म्हणून.

एप्रिल ते सप्टेंबर एवढंच भरायचं राहिलं. पैसे द्यायचा विषय मागे पडला. रोजच्या भरण्याच्या आणि काढण्याच्या स्लिपा गठ्ठे बांधून ठेवलेल्या होत्या, त्या चौघं कारकून आणि मी बसून टाइप करायला लागलो. कर्जाची बाजू सोपी निघाली. कर्जरोखे तिजोरीत, सोनेतारणाच्या पुड्या तिजोरीत, आणि शेतीवर दिलेल्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर इतर हक्कांत चढवलेला, म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात. संस्थेनं आपलं येणं चार ठिकाणी लिहून ठेवलं होतं. संस्थेचं देणं मात्र एकाच ठिकाणी होतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि झोपेत आहे म्हणून असं वाटतंय का म्हणून मी परत तपासलं. तसंच होतं.

अडलं पिग्मीवर. पिग्मी म्हणजे रोजची पन्नास-शंभराची बचत. चहाची गाडी, भाजीवाल्या मावशी, सलून, पंक्चरवाला. एजंट रोज संध्याकाळी फिरतो, हातातल्या मशिनवर नोंद करतो, मशिन छोटी पावती देतं. स्लिपेवर फक्त एजंटची दिवसाची एकूण रक्कम असते. कुणाचे किती हे मशिनमधून सर्व्हरवर जातं आणि मशिन रिकामं होतं. पूर्वी रोजकीर्दीचा सविस्तर प्रिंट निघायचा. तो मीच बंद करायला लावला होता, कागद कशाला वाया घालवायचा म्हणून. झाडं वाचवली होती मी.

मग लोकांना पावत्या घेऊन बोलावलं. पावत्या थर्मल कागदाच्या. एप्रिलच्या पावत्या देवळीत, टीव्हीवर, गल्ल्यात राहून पांढऱ्याफटक झालेल्या. एका मावशींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून दीडशेभर कोरे कागद काढून टेबलावर मांडले आणि म्हणाल्या, "ह्ये बघा, एक बी टाकली न्हाई." मी त्या कागदांवर मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून आकडे शोधत होतो. काही सापडले.

आणि बऱ्याच जणांकडे पावत्याच नव्हत्या. का, तर एजंट भावकीतला, नाहीतर रोजच्या ओळखीचा. पावती फाडायला लागला की हेच म्हणायचे, राहू दे की, आपल्यात कसली पावती?

हे वाक्य आपण सगळे म्हणतो. मित्राला उसने दिले, भावाला जमीन कसायला दिली, काकांनी प्लॉटचे पैसे रोख घेतले. लिहून मागणं म्हणजे अपमान. लिहून मागणारा माणूस मनानं छोटा, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. मलाही तो पटायचा. त्या आठवड्यात टेबलाच्या या बाजूला बसून मी बघितलं की या मोठ्या मनाचा खर्च कुणाच्या खिशातून होतो. संस्थेनं कर्जदाराला कधीच म्हटलं नव्हतं की आपल्यात कसला बोजा.

दीडशे वर्षांपूर्वी याच भागात हा प्रश्न फार उग्र होऊन पुढे आला होता. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. (वॉनाक्राय जगभर पसरला तोही १२ मे, २०१७चा. योगायोग आहे, पण सोडवत नाही.) पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. आपण त्याला दख्खनचे दंगे म्हणून शाळेत दोन मार्कांसाठी पाठ करतो. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकारानं कर्जखतं मुकाट्यानं दिली तर फारशी मारहाण व्हायची नाही. खतं घ्यायची आणि जाळायची. आज माझा पगार ज्या कामासाठी मिळतो त्याच्या अगदी उलट काम. नोंद नष्ट करणं. आणि वाचताना माझी सहानुभूती जाळणाऱ्यांकडे जाते, कारण खत एकच होतं, ते सावकाराकडे होतं, आणि शेतकऱ्याला ते वाचताही येत नव्हतं. किती घेतले, किती फेडले, हे ज्याच्याकडे कागद तो ठरवणार.

सरकारनं चौकशी केली आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी कायदा केला. सुरुवातीला तो चार जिल्ह्यांना लागू होता: पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं, आणि वाळवा, तासगाव हे तालुके साताऱ्यात होते. १९४९ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६०ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे आमची ही पतसंस्था जिथं उभी आहे ती जमीन त्या कायद्याच्या हद्दीत होती. त्या कायद्यात व्याज, जप्ती, अटक असं बरंच काही आहे, पण मला थांबवलं ते एका साध्या तरतुदीनं. पैसे फेडले की कुळाला लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब लिहून मिळाला पाहिजे, आणि मागितलं तर पासबुक मिळालं पाहिजे. सावकाराच्या चोपडीची एक प्रत कुळाच्या हातात.

आम्ही इंजिनिअर बॅकअपविषयी बोलताना किती प्रती, कुठल्या शहरात, किती तासांत परत मिळतील हे बोलतो. प्रत कुणाच्या हातात आहे हे फारसं बोलत नाही. माझ्या त्या व्यवस्थेत दोन प्रती होत्या, दोन जिल्ह्यांच्या अंतरावर, आणि दोन्ही माझ्याच हातात. हिशेबानं ती एकच प्रत होती.

बुधवारी मी चेअरमनना बाजूला घेतलं आणि सांगितलं. किल्ली स्क्रिप्टमध्ये होती, पुसायचे अधिकार मी दिले होते, प्रिंट मी बंद केला होता. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे कुलूप लावलं आन् किल्ली चौकटीवर ठेवली."

"हो."

"आमीबी तितंच ठिवतो," ते म्हणाले आणि चहा सांगितला.

मला वाटलं होतं सुटलो. तसं झालं नाही. चहा झाल्यावर ते उठून बाहेर गेले. दारात पन्नासेक माणसं होती. बाहेर दुरुस्तीची पाटी तशीच लटकत होती, आणि गावात संस्था बुडाली अशी कुजबुज सुरू झालेली. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. अफवा उठली तर दोन दिवसांत तिजोरी रिकामी होते. म्हणून संचालकांचं ठरलं होतं की बाहेर काही बोलायचं नाही. नियम असा आहे की अशी घटना कळल्यापासून ६ तासांच्या आत सर्ट-इन या केंद्राच्या यंत्रणेला कळवायचं. २०२२च्या एप्रिलमधला आदेश आहे. आम्ही कळवलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, तेही मी हट्ट धरला म्हणून. (एवढं तरी श्रेय मला द्या.) सभासदांना कळवा असं मात्र मीही म्हणालो नव्हतो. चेअरमन पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. चोरी झाली, पैसे गेले नाहीत, हिशेब गेलाय, मार्चपर्यंतचा सापडलाय, पुढचा तुमच्या मदतीनं लिहायचाय. चूक आमची आहे, म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. मी आत संगणकाच्या खोलीत उभा राहून ऐकत होतो, आणि त्यांनी नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. नंतर कळलं की तसं वाटणं फुकट असतं, कारण बाहेर जाऊन मी स्वतः सांगू शकत होतो.

त्या दिवशी शंभरेक लोकांनी ठेवी मोडायचे अर्ज दिले. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांतल्या निम्म्यांनी परत घेतले.

सात एजंटांपैकी एकाचा हिशेब पैशाला पैसा जुळला. वय साठच्या पुढे. ते मशिनवर नोंद करून झाल्यावर पुन्हा दोनशे पानी वहीत लिहायचे, रोज, खाते क्रमांकासकट. मागे एकदा मी त्यांना हसलो होतो, काका, हे डबल काम कशाला. ते म्हणाले होते, मशिन तुमचं हाय, वही माझी हाय. तेव्हा मला तो जुन्या माणसाचा हेका वाटला होता.

ऑक्टोबरमध्ये नवी व्यवस्था बसवली. तांत्रिक भाग थोडक्यात सांगतो. सर्व्हरच्या किल्लीला आता फक्त फायली टाकता येतात, पुसता येत नाहीत. वरची प्रत वेगळ्या खात्यात आहे, त्याचे पासवर्ड वेगळे, मालक वेगळा. आणि त्या प्रतीवर ऑब्जेक्ट लॉक आहे. ही सोय ॲमेझॉनच्या एसथ्रीत २०१८पासून आहे, इतर क्लाउडवरही मिळते. त्यात दोन प्रकार आहेत. एकात विशेष अधिकार असलेला माणूस कुलूप उघडू शकतो. दुसऱ्याला कम्प्लायन्स मोड म्हणतात. त्यात ठरलेली मुदत संपेपर्यंत ती फाइल कुणालाच पुसता येत नाही, खात्याच्या मूळ मालकालाही नाही. खातंच बंद केलं तर गोष्ट वेगळी, म्हणून ते खातं माझ्या नावावर नाही आणि चेअरमनांच्याही एकट्याच्या हातात नाही.

मॅनेजरांना यातली एक गोष्ट लागली. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली, एक रुपयाची तफावत नाही. "म्हणजे आता आमच्यावर इस्वास न्हाई," ते म्हणाले. मी म्हणालो, माझ्यावरपण नाही, बघा, मलाही पुसता येत नाही. त्यानं त्यांचं समाधान झालं नाही. खरं तर माझंही झालं नव्हतं. स्वतःचा हात बांधून घेताना आपण कुणीतरी थोर वाटतो. दुसऱ्याचा बांधताना तसं वाटत नाही. त्यांच्या नावानं रात्री दोनला कुणी दुसराच आत बसला असेल तर तो हात त्यांचा नसेल, हे मी समजावलं आणि त्यांना ते समजलंही. तरी पुढचे काही महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. मला त्यांचं म्हणणं चूक वाटत नाही. अठ्ठावीस वर्षं ज्याच्या शब्दावर लोकांनी पैसे ठेवले त्याला एक दिवस सांगायचं की तुमचा शब्द पुरेसा नाही, यात काहीतरी जातंच.

चेअरमनशी वाद झाला तो मुदतीवरून. ते म्हणाले, दहा वर्षं कुलूप लाव. मी म्हणालो, नव्वद दिवस. त्यांना वाटलं मी खर्च वाचवतोय. माझ्या डोक्यात एक सभासद होते. त्यांचं नाव सारख्या आडनावामुळे चुकून थकबाकीदारांच्या यादीत गेलं होतं. दुरुस्त व्हायला चार महिने लागले आणि त्यात मुलीच्या शिक्षणाचं कर्ज दुसरीकडे अडलं. अशी चूक दहा वर्षं न पुसता येणाऱ्या प्रतीत बसली, आणि कधीतरी कुणी घाईत ती प्रत परत चढवली, तर? २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यानं माणसाला आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा, पुसायला लावायचा हक्क मानला आहे. न पुसता येणारी प्रत चोरापासून वाचवते, पण ती सावकाराच्या चोपडीसारखीसुद्धा होऊ शकते. सुप्याच्या बाजारात जाळायला काही सापडलं नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचं उत्तर मला आवडत नाही. शेवटी नव्वद दिवसांवर तडजोड झाली, आणि दर मार्चअखेरची एक प्रत डिस्कवर, कुठल्याही तारेला न जोडलेली.

ती डिस्क साताऱ्यात असते, एका बँकेच्या लॉकरमध्ये. सांगलीकडे पाणी येतं, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला येत नाही. लॉकर दोघांच्या नावावर आहे, एक चेअरमन आणि एक ते वहीवाले एजंट काका. दरवर्षी एप्रिलमध्ये दोघं एसटीनं येतात, आमच्या घरी जेवतात, आई त्यांच्यासाठी आमटी-पुरणपोळी करते. रोजकीर्दीचा सविस्तर प्रिंटही परत सुरू झालाय. पिग्मीच्या पावतीबरोबर आता एसएमएस जातो, आणि महिन्याला एकदा पासबुक भरून देतात, मागितलं नाही तरी.

२०२४च्या जुलैअखेरीला सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि देशातल्या तीनशेच्या आसपास छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांची पैसे पाठवण्याची यंत्रणा थांबवावी लागली. दुसऱ्या दिवशी ती पूर्ववत झाली. त्या संध्याकाळी मॅनेजरांचा फोन आला. आपल्याला काही नाही ना, एवढंच विचारलं. मग म्हणाले, ह्या शनिवारी जरा प्रत उतरवून बघू. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही क्लाउडवरची प्रत एका कोऱ्या कॉम्प्युटरवर उतरवतो, आणि ते कुठलीही दहा खाती निवडून पासबुकाशी ताडून बघतात. खाती ते निवडतात, मी नाही.

सतरा पिग्मी खाती अजून जुळलेली नाहीत. पावती नाही, वही नाही, एजंटला आठवत नाही. खातेदार म्हणतो ९,४०० भरले, एजंट म्हणतो आठ हजारांच्या पुढं नसतील. संचालक मंडळानं ठरवलं की खातेदार सांगेल ती रक्कम मानायची आणि फरक संस्थेच्या नफ्यातून भरायचा. मी म्हणालो तो फरक मी देतो. चेअरमन म्हणाले, तू दिलेस तर पैसे भरतील, खातं जुळणार नाही. तू खातं जुळव. त्या सतरांपैकी तिघांनी नंतर येऊन आपली रक्कम कमी करून घेतली. एकानं वाढवून मागितली. ज्यानं वाढवून मागितली त्याच्याकडे गेल्या महिन्यात कपाट सरकवताना अकरा पावत्या सापडल्या. त्यातल्या चारच वाचता येतात, आणि त्या चारांवरून तरी त्याचं बरोबर दिसतंय. उरलेल्या सातांचे मी तिरप्या उजेडात फोटो काढलेत. अजून बघतोय.